दहांतली एक मोजली कोणी?

बार्देशातल्या हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात या शतकाच्या सुरुवातीला बायकांच्या आरोग्याची एक पाहणी झाली. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेच्या संशोधकांनी १८ ते ५० वयाच्या बायकांना पाळीविषयी विचारले. २००६ मध्ये त्याचा लेख छापून आला. २,२६२ जणींपैकी निम्म्याहून अधिक जणींना पाळीत दुखत होते. ७५५ जणींचे, म्हणजे दर तिघींतल्या एकीचे, दुखणे मध्यम ते तीव्र होते.

दहांतल्या एका बाईला एंडोमेट्रिओसिस हा आजार असतो, असे आज सांगतात. पण या ७५५ जणींतल्या किती जणींना तो होता, हे त्या पाहणीतून कळत नाही. कळणारही नव्हते. दुखणे विचारून मोजता येते. हा आजार पोटात डोकावल्याशिवाय मोजता येत नव्हता. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर यात बाहेर वाढते: अंडाशयावर, आतड्यावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर. महिन्याच्या चक्राबरोबर तेही सुजते, त्यातून रक्त येते, आणि बाहेर पडायला वाट नसल्याने आतल्या आत व्रण होतात, अवयव एकमेकांना चिकटतात. कितीजणींना हा आजार आहे याचा प्रत्येक आकडा म्हणूनच मुळात 'कोणाच्या पोटात पाहिले' याचा आकडा आहे.

व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये अशा वाढीचे वर्णन केले. ते विकृतिशास्त्रज्ञ. पण आजाराला आजचे रूप दिले ते अमेरिकेत ऑल्बनी इथल्या जॉन सॅम्पसन यांनी. १९२१ मध्ये त्यांनी अंडाशयातल्या, जुन्या रक्ताने भरलेल्या गाठींवर लिहिले. 'चॉकलेट सिस्ट' हा शब्द आज पणजीतल्या सोनोग्राफीच्या खोलीतही ऐकू येतो, तो तेव्हाचा. सॅम्पसन मुद्दाम पाळीच्या दिवसांत शस्त्रक्रिया करत आणि बीजनलिकांतून रक्त उलटे पोटात कसे झिरपते ते पाहत. त्यावरून त्यांनी उलट्या वाहणाऱ्या पाळीचा सिद्धांत मांडला. पुढे १९८४ मध्ये दिसून आले की बीजनलिका मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के बायकांत असे रक्त पोटात जातेच. मग सगळ्यांनाच आजार का होत नाही? याचे पुरते उत्तर अजून कोणाकडे नाही.

यानंतर जे झाले त्याने या आजाराच्या मोजणीचे सर्वाधिक नुकसान केले, असे मला वाटते. बॉस्टनचे डॉ. जो मेग्ज यांना १९४० च्या सुमारास हा आजार धर्मार्थ वॉर्डातल्या बायकांपेक्षा पैसे भरून येणाऱ्या खाजगी रुग्णांत जास्त दिसला. निष्कर्ष निघाला की सुशिक्षित, सुखवस्तू बायका लग्न आणि मूल लांबवतात म्हणून त्यांना हा रोग होतो. उपाय, लवकर लग्न आणि लवकर बाळंतपण. आपल्याकडची एखादी काकी ओव्याचा काढा देताना 'लग्न झालं की थांबेल गो' म्हणते, तेच हे. फरक इतकाच की तिथे ते वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले.

पैसे असलेल्या बाईचे दुखणे डॉक्टर शोधत बसे, गरीब बाईला 'इन्फेक्शन' म्हणून परत पाठवले जाई, ही साधी शक्यता मागे पडली. १९७६ मध्ये शिकागोच्या डोनाल्ड चॅटमन यांनी कृष्णवर्णीय बायकांत तपासले. ज्यांच्या दुखण्याला ओटीपोटाचा संसर्ग म्हटले गेले होते, त्यांतल्या २० टक्क्यांहून अधिक जणींना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस होता.

तोवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली होती आणि पोट पूर्ण न उघडता आत पाहता येऊ लागले. भारतातल्या खेड्यापाड्यांत मात्र 'दुर्बीण' हा शब्द पोचला तो कुटुंब नियोजनाच्या शिबिरांतून. नळ्या बंद करायला दुर्बीण घरापर्यंत आली, दुखणे शोधायला ती शहरातच राहिली.

आज सांगितला जाणारा 'दहांतली एक' हा आकडा अशा वेगवेगळ्या गटांवरून बांधलेला अंदाज आहे. मूल होत नाही म्हणून तपासलेल्या बायकांत प्रमाण ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते, कसलीच तक्रार नसलेल्यांत ते बरेच कमी असते. जागतिक आरोग्य संघटना पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी, असे सांगते. भारतासाठी कधी अडीच कोटी तर कधी ४ कोटी २० लाख सांगतात. दोन आकड्यांतले अंतरच पुरेसे बोलके आहे. ऑस्ट्रेलियात आधी नवांतली एक म्हणत. २०२३ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने नोंदी जोडून पाहिल्या तेव्हा पन्नाशीच्या आत ते प्रमाण सातांतली एक निघाले. आजार वाढला असे यावरून म्हणता येत नाही. नोंद वाढली एवढे नक्की.

गोव्यात दवाखाना लांब आहे असे कारण सांगता येत नाही. इथली वैद्यकीय शाळा १८४२ ची, आणि घरी बाळंतपण झालेले आज क्वचितच ऐकू येते. इथे लग्ने उशिरा होतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, १.३ होता. मुले कमी म्हणजे आयुष्यात पाळ्या जास्त, आणि पाळ्या जास्त तर या आजाराचा संभव थोडा जास्त, इतपत मेग्ज यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. खरी अडचण भाषेची. हळदोण्याच्या त्याच अभ्यासात अंगावरून पांढरे जाते म्हणणाऱ्या बायकांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जणींनी कारण सांगितले ते अंगातली उष्णता. पाळी आलेली बाई 'भायर' असते. तिचे दुखणेही बाहेरच ठेवले जाते. जगभर निदानाला सरासरी सात-आठ वर्षे लागतात ती अशी खर्ची पडतात: आधी घरात, मग गोळीत, मग 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' या कागदात.

२०२२ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी मार्गदर्शक सूचना बदलल्या. निदानासाठी आधी दुर्बीण घालायलाच हवी हा आग्रह सोडला. लक्षणे, तपासणी आणि चांगली सोनोग्राफी किंवा एमआरआय यांवरून उपचार सुरू करता येतात. विचारून मोजण्याच्या दिशेने टाकलेले हे पहिले मोठे पाऊल म्हणायला हवे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१५-१६ पासून बायकांना पिशवी काढली का, आणि काढली तर का, हेही विचारते. उत्तराच्या पर्यायांत 'जास्त रक्तस्राव किंवा दुखणे' आहे, गाठी आहेत, कर्करोग आहे, अंग बाहेर येणे आहे. एंडोमेट्रिओसिससाठी वेगळा रकाना नाही.