लॅग (ऑनलाइन खेळांतील)

ऑनलाइन खेळात खेळाडूने केलेली कृती सर्व्हरपर्यंत (खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत) पोहोचून तिचा परिणाम त्याच्या पडद्यावर दिसेपर्यंत जाणवण्याइतका उशीर झाला, तर त्या उशिराला लॅग म्हणतात. चाप ओढल्यावर गोळी क्षणभराने सुटणे, भिंतीआड पोहोचल्यावरही मारले जाणे, धावते पात्र मागे खेचले जाऊन आधीच्या जागी उभे राहणे, ही त्याची नेहमीची रूपे. बोलण्यात मात्र हा शब्द आणखी एका बिघाडासाठी सर्रास वापरला जातो. फोनला किंवा संगणकाला दृश्ये वेळेत तयार करता आली नाहीत की चित्र अडखळते. तो फ्रेम ड्रॉप असून त्याचा इंटरनेटशी संबंध नसतो. विदर्भातल्या मे महिन्यात तापलेला फोन स्वतःला जपण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि कोपऱ्यातला पिंगचा, म्हणजे नेटच्या विलंबाचा, आकडा हिरवा असतानाही खेळ रखडतो. तिथे नेट बदलून काही होत नाही; ग्राफिक्स खाली आणणे, चार्जिंग आणि कव्हर काढणे हाच उपाय.

लॅग मोजण्याचे रूढ माप म्हणजे पिंग, अर्थात एखादे पॅकेट (माहितीचे छोटे पुडके) सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. हे नाव माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवरून आले असून त्यांना ते पाणबुड्यांच्या सोनारच्या प्रतिध्वनीवरून सुचले होते. पिंगइतकेच महत्त्वाचे आणखी दोन आकडे आहेत: पिंगमधील चढउतार म्हणजे जिटर, आणि वाटेत हरवणाऱ्या पॅकेटांचे प्रमाण म्हणजे पॅकेट लॉस. स्थिर ८० मिलिसेकंदांची सवय हाताला होते, पण २० आणि २०० यांच्यात उड्या मारणाऱ्या जोडणीवर नेम धरता येत नाही. म्हणून सरासरी पिंग पाहून जोडणी चांगली की वाईट हे ठरवणे फसवे आहे.

विलंबाचा एक भाग निसर्गाने ठरवलेला आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजेच दर १०० किलोमीटर अंतराला येण्याजाण्याचा मिळून एक मिलिसेकंद लागतो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. तेव्हा ३९ मिलिसेकंदांखाली पिंग जाणे शक्यच नाही, आणि केबल समुद्रातून वळसे घेत जात असल्याने प्रत्यक्ष आकडा त्याहून बराच वर राहतो. भारतातील खेळाडू अनेक वर्षे सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळत असत. ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आपले क्लाउड केंद्र सुरू केले, पुढे व्हॅलोरंटसारख्या खेळांचे सर्व्हर मुंबईत आले, आणि पुण्या-ठाण्याच्या खेळाडूचे पिंग कोणतीही खटपट न करता उतरले. खेळाच्या सेटिंगमध्ये जवळचा सर्व्हर निवडलेला आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे ते यासाठीच.

घरातल्या लॅगचे मूळ मात्र बहुतेक वेळा अंतरात नसून रांगेत असते, आणि याच बाबतीत सर्वांत जास्त पैसा वाया जातो. नेमबाजीच्या खेळाला सेकंदाला एक-दोन मेगाबिटांपेक्षा जास्त क्वचितच लागतात. म्हणून ५० चा प्लॅन बदलून ३०० चा घेतला तरी संध्याकाळचा लॅग जसाच्या तसा राहू शकतो. होते असे की, घरातले कोणी लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवू लागते आणि १० मेगाबिटांची अपलोड वाहिनी भरून जाते. राउटर किंवा मोडेम उरलेली पॅकेटे टाकून न देता आपल्या स्मृतीत साठवत राहतो. दीड हजार बाइटांचे एक पॅकेट त्या वाहिनीवरून जायला १.२ मिलिसेकंद लागतात. अशी ३०० पॅकेटे पुढे उभी असतील तर खेळाचे इवलेसे पॅकेट ३६० मिलिसेकंद ताटकळते. वेगाच्या चाचणीत सारे उत्तम दिसते, कारण ती चाचणी किती माल गेला ते मोजते, किती वेळ थांबावे लागले ते नव्हे. या दोषाला बफरब्लोट हे नाव जिम गेटिस यांच्या लेखनातून २०१०-११ च्या सुमारास रूढ झाले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल ही पद्धत रांगेची लांबी न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते पाहते, आणि तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, त्यामुळे फोटोंच्या ढिगामागे खेळ अडकत नाही. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरांत ही सोय एसक्यूएम या नावाने मिळते. ती लावताना वेगमर्यादा जोडणीच्या खऱ्या वेगापेक्षा पाच-दहा टक्के कमी ठेवावी लागते, नाहीतर रांग राउटरऐवजी पलीकडच्या मोडेममध्येच तयार होते आणि सारी मेहनत फुकट जाते. असा राउटर नसेल तर खेळाच्या वेळात बॅकअप आणि अपडेट थांबवणे हा साधा उपाय जवळपास तितकेच काम करतो.

दुसरा घरगुती दोष वायफायचा. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. सोसायटीच्या एका मजल्यावर दहा-बारा राउटर असले की प्रत्येक जण दुसऱ्याचे बोलणे संपण्याची वाट पाहतो. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गोंगाट घालतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण जाड भिंतींपुढे लवकर दमतो. लॅन केबल टाकली की हे सगळे प्रश्न एकदम मिटतात, आणि ज्याला खेळात खरोखर पुढे जायचे आहे त्याने पहिला खर्च त्यावरच करावा. दोष घरात आहे की बाहेर हे ओळखणे सोपे आहे. संगणकावरून आधी राउटरलाच पिंग करावे. बहुतेक घरांत त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. उत्तर सतत एक-दोन मिलिसेकंदांत येत असेल तर घरातला दुवा ठीक आहे. ते मधूनच पन्नास-शंभरावर उडत असेल तर केबलवाल्याला फोन करण्याआधी राउटरची जागा बदलून पाहावी.

उरलेला विलंब खेळ बनवणारे झाकतात. माहिती पाठवण्याच्या टीसीपी या पद्धतीत हरवलेले पॅकेट पुन्हा मागवले जाते, यूडीपीत नाही. जलद खेळ सहसा यूडीपी वापरतात, कारण हरवलेले पॅकेट पुन्हा मागवेपर्यंत त्यातली माहिती शिळी झालेली असते. क्वेकवर्ल्ड या नेमबाजीच्या खेळात १९९६ साली जॉन कार्मॅक यांनी, सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता खेळाडूची हालचाल त्याच्याच संगणकावर लगेच दाखवण्याची पद्धत आणली. अंदाज चुकला की पात्र मागे खेचले जाते ते यामुळेच. पुढे व्हॉल्व या कंपनीच्या खेळांत सर्व्हर काळ मागे नेऊन, नेमबाजाला त्या क्षणी काय दिसत होते त्यावरून गोळीचा निकाल देऊ लागला. नेम धरणाऱ्याला न्याय देताना भिंतीआड पोहोचलेल्यावर त्यात थोडा अन्याय होतो, पण याहून बरा तोल आजवर कोणाला साधलेला नाही. मारामारीच्या खेळांत टोनी कॅनन यांची जीजीपीओ ही प्रणाली चुकलेला अंदाज मागे घेऊन मधल्या फ्रेम पुन्हा मोजते.

मोबाइल नेटवर विलंब टॉवरवरची गर्दी आणि सिग्नल यांवर ठरतो. फोरजी आणि फाइव्हजी यांच्यात फोन सारखा उड्या मारत असेल तर सेटिंगमध्ये एकच प्रकार पक्का केल्याने पिंग स्थिरावते. पिंग बूस्टर नावाच्या ॲपांचा उपयोग फार मर्यादित आहे: कंपनीची वाट उगाच लांबची असेल तरच व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेलेली जोडणी) ती छोटी करू शकते, एरवी तो एक टप्पा वाढवतो. डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून तो पत्ता लवकर सापडेल. चालू सामन्यातले पिंग त्याने उतरत नाही.

जोडणीच न होणे किंवा मित्राचा आवाज न येणे, यामागे बरेचदा दुहेरी नॅट असते. घरातल्या उपकरणांचे पत्ते बाहेर जाताना सार्वजनिक पत्त्यात बदलणे म्हणजे नॅट. केबलवाल्याने बसवलेला फायबरचा डबा आणि त्याला जोडलेला स्वतःचा राउटर, दोघेही हे काम करत राहतात. डबा ब्रिज मोडवर, म्हणजे पत्ते न बदलता माहिती नुसती पुढे देण्यावर, टाकायला सांगितले की हा गुंता सुटतो. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, आणि तिथे ग्राहकाच्या हाती फारसे काही उरत नाही. जिथे दिवसातून दोन-चारदा वीज जाते अशा गावांत तर नेट शाबूत असूनही केवळ डबा बंद पडल्याने सामना सुटतो, आणि डबा पुन्हा सुरू होऊन जोडणी घेईपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात. इन्व्हर्टरची लाइन राउटरपर्यंत ओढणे, किंवा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस राउटर आणि फायबरचा डबा या दोन्हींना लावणे, हा तिथला सर्वांत उपयोगी खर्च ठरतो.