हरताना उठून जाणारा चाहता खोटा असतो काय?

‘संघ हरू लागताच जो उठून जातो, तो चाहता खोटा,’ अशा अर्थाचा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. तो पटतो, कारण आमच्या गावात सहावी विकेट पडली की पानठेल्यावरच्या टीव्हीसमोरची गर्दी खरोखरच पांगते. (कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे उठायचे असते, हेही एक साधे कारण आहेच.)

मात्र एका रात्रीवरून निष्ठा ठरत नाही. १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक घालत, आणि निकाल सांगताना ‘आपण’ हा शब्द पराभवापेक्षा विजयाच्या वेळी जास्त वापरत. म्हणजे यशाजवळ सरकणे आणि अपयशापासून जरा दूर होणे ही सर्वसाधारण माणसाची सवय आहे.

पडताळा घ्यायचा असल्यास हंगामभर वहीत नोंद ठेवावी. पराभवाच्या दिवशी कोण उठले याची नव्हे, तर पुढच्या सामन्याला कोण परत आले याची. सलग तीन पराभवांनंतरही जो नाणेफेकीआधी बाकावर जागा धरतो, तो आदल्या वेळी लवकर उठला होता म्हणून त्याला संधिसाधू म्हणता येणार नाही. केवळ अंतिम सामन्यालाच उगवणाऱ्याचे नाव वहीत एकदाच सापडेल.