चेंडू उचलायचा नसतो

गोल्फमध्ये फेअरवे वूड, म्हणजे फेअरवेच्या आखूड कापलेल्या गवतावरून लांब फटका मारायचा क्लब, हातात आलं की भल्याभल्यांचा धीर सुटतो. ड्रायव्हरला, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबला, टीचा (चेंडूखालच्या खुंटीचा) आधार असतो, आयर्न या धातूच्या पातळ पात्याच्या क्लबचा तिरकेपणा डोळ्यांना दिसतो. इथे चेंडू गवतावर बसलेला, दांडा 43 इंचांच्या आसपास आणि 3 वूडचा (3 क्रमांकाच्या वूडचा) लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या चेहऱ्याचा तिरकेपणा, जेमतेम 15 अंश. वरून पाहिलं तर क्लबचा चेहरा जवळजवळ उभाच वाटतो. हा चेंडू हवेत जाणार कसा, अशी शंका येते.

शंका आली की शरीर मदतीला धावतं. वजन मागच्या पायावर रेंगाळतं, मनगटं चेंडू उचलू पाहतात आणि स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे सरकतो. मग क्लब आधी जमिनीत घुसतो, नाहीतर वर उठता उठता चेंडूच्या डोक्यावर लागतो. चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटर. क्लबची खालची कड त्याच्या मध्यरेषेवर किंवा त्याहून वर लागली की लॉफ्टला काही करायला वावच उरत नाही. चेंडू सरपटत जातो.

व्यावसायिक पुरुष खेळाडूंची सरासरी पाहा. 3 वूड चेंडूला लागतं तेव्हा ते सुमारे 3 अंशांनी खाली येत असतं. तरीही चेंडू साधारण 9 अंशांच्या कोनात वर निघतो आणि 240 यार्डांच्या आसपास हवेतून जातो. सुरुवातीची चढण लॉफ्ट देतो, पण पुढे इतका वेळ त्याला वर धरून कोण ठेवतं?

याचं उत्तर एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी 1890 च्या दशकात शोधलं. त्यांचा मुलगा फ्रेडी पुढे 1896 आणि 1898 मध्ये ब्रिटिश अ‍ॅमॅच्युअर विजेता झाला, म्हणजे घरातच गोल्फ. टेट यांनी चेंडूला एक लांब, सरळ फीत बांधली, तिचं दुसरं टोक जमिनीला पक्कं केलं आणि चांगल्या खेळाडूला एक-दोन यार्डांवरच्या घट्ट मातीच्या भिंतीत चेंडू मारायला लावला. मग फितीला पडलेले पीळ मोजले. हिशेब निघाला सेकंदाला 40 ते 120 फेऱ्यांचा. आजचं रडार 3 वूडसाठी सेकंदाला 60 च्या आसपास दाखवतं! या उलट्या फिरकीमुळे चेंडूमागची हवा खाली ढकलली जाते आणि त्या बदल्यात चेंडूला वरचा रेटा मिळतो. इतक्या साध्या साधनांनी केलेला हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो.

म्हणजे चेंडू वर नेण्याचं काम क्लबकडे सोपवता येतं. त्यासाठी क्लब मात्र आपल्या वेगाला साजेसा हवा. स्विंग मंद असेल तर 15 अंशांतून पुरेशी उंची मिळत नाही. अशा खेळाडूने 18 अंशांचं 5 वूड किंवा 21 अंशांच्या आसपासचं 7 वूड घ्यावं. पुष्कळदा तेच अधिक लांब जातं. यात कमीपणा अजिबात नाही.

लक्ष कुठे ठेवायचं, यालाही महत्त्व आहे. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये नवशिक्यांना छोटे पिच फटके (जवळून उंच मारायचे फटके) शिकवले. हातांच्या हालचालीवर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा क्लबच्या झोक्यावर लक्ष ठेवणारे अधिक अचूक ठरले. वूडचा फटका त्याहून कितीतरी लांब, तरी सराव याच धर्तीवर करून पाहावा. आधी चेंडूशिवाय, क्लबचा तळ गवताला नेमका कुठे घासतो ते बघत. मग अगदी बुटक्या टीवर, शेवटी गवतावरून. चेंडू डाव्या टाचेच्या थोडा आत असावा (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी), आणि गवत घासण्याची जागा चेंडूखाली किंवा किंचित पुढे यायला हवी.

चेंडू रफमध्ये, म्हणजे फेअरवेबाहेरच्या लांब गवतात, निम्म्याहून अधिक बुडाला असेल, तर मात्र वूड पिशवीतच राहू द्यावं. चेहरा आणि चेंडू यांच्यामध्ये गवत अडकतं आणि फिरकीचा भरवसा राहत नाही. तिथे जास्त लॉफ्टच्या आयर्नने चेंडू फेअरवेवर आणावा आणि वूड पुढच्या फटक्याला काढावं.