खालच्या कवळीला दोन इम्प्लांटचा आधार

"वरची कवळी छान बसते हो, पण खालची काही केल्या जागेवर राहत नाही." तोंडात एकही दात नसलेल्यांची ही नेहमीची तक्रार. मग खालची कवळी डबीत जाते आणि भाकरी दुधात कुस्करून खाल्ली जाते. घरच्यांना वाटतं, कवळीच बिघडलेली असणार. खरं कारण बहुतेक वेळा जबड्याच्या रचनेत असतं.

वरच्या कवळीला अख्खा टाळू मिळतो. मधला लाळेचा पातळ थर आणि हवाबंद कडा यांमुळे ती वर धरून राहते. खालच्या कवळीच्या मधोमध जीभ असते. टेकायला मिळते ती हिरडीची अरुंद कमान, आणि बोलताना-गिळताना जीभ, गाल, ओठ तिला सतत ढकलत राहतात. त्यात हाड झिजतं. दात असेपर्यंत चावण्याचा ताण मुळांवाटे हाडात पोचतो. दात गेले की तो थांबतो. आंत्ये टालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांच्या 25 वर्षांच्या नोंदी 1972 साली मांडल्या. त्यांत खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली.

उपाय टायटॅनियम या धातूमधून निघाला. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रॉनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर निघेचना, कारण हाड त्याला घट्ट धरून वाढलं होतं. 1965 मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट, म्हणजे हाडात बसणारे टायटॅनियमचे स्क्रू, बसवले. 2006 साली लार्सन वारले, तोवर ते टिकून होते.

इम्प्लांट म्हटलं की लोक तोंडभर पक्क्या दातांचा खर्च डोळ्यांपुढे आणतात आणि विषय तिथेच सोडतात. मला हे फार खटकतं. कारण 2002 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी स्पष्ट म्हटलं होतं, की खालच्या दंतहीन जबड्यासाठी नुसती साधी कवळी हा पहिला पर्याय मानू नये. दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी मानावी. फक्त दोन!

ते साधारण सुळ्यांच्या जागी बसतात. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना हाडात एकेक छिद्र असतं. ओठाला संवेदना देणारी नस तिथून बाहेर येते. या दोन छिद्रांच्या मधलं हाड बरंच झिजलेल्या जबड्यातही सहसा पुरेसं उरतं आणि तिथे नसेला धक्का लागण्याची भीती कमी असते. तेवढीच जागा बधिर करून काम होतं. हाड धरायला बहुधा दोन-तीन महिने देतात. मग इम्प्लांटवर छोटं डोकं बसवतात, कवळीच्या आत त्याची जोडी, आणि टिचबटणासारखी कवळी 'टक्' करून बसते. आतल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात, त्या अधूनमधून बदलाव्या लागतात.

मधुमेह आटोक्यात नसेल, तंबाखू चालू असेल, जबड्याला रेडिएशन दिलेलं असेल किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषधं चालू असतील, तर ते दंतवैद्यांना आधीच सांगायला हवं. मिश्रीही तंबाखूच, ती लपवू नये.

आणि दरवेळी नवी कवळी करावी लागते असंही नाही. सध्याची कवळी चांगली असेल, तर तीच आतून थोडी कोरून त्यात या जोड्या बसवता येतात.