आदल्या दिवशी केलेली पुडाची वडी चामट का होते?

थंडीत नागपूरच्या बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की पाहुण्यांसाठी पुडाची वडी, म्हणजे पारीत कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी, ठरलेलीच. ती आदल्या दिवशी करून ठेवता येते, पण पाण्याचं गणित सांभाळलं तरच. कोथिंबिरीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, तळलेल्या पारीत जेमतेम. म्हणून वडी नुसती ठेवली तरी सारणातली ओल हळूहळू पारीत उतरते आणि कुरकुरीतपणा जातो.

खरी मेहनत सारणावरच घ्यावी. निवडून धुतलेला सांबार कापडावर पसरून पंख्याखाली दोन-तीन तास सुकवावा, मगच चिरावा. तेलात आलं-लसूण-मिरची परतून गॅस बंद करावा आणि मग कोथिंबीर घालावी; शिजली की तिच्या पेशी फुटतात आणि पाणी सुटतं. मीठही हेच करतं, म्हणून ते अगदी भरायच्या वेळी. चार वाट्या कोथिंबिरीला अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं आणि दोन-दोन चमचे भाजलेली खसखस व तीळ घ्यावेत. हा मसाला चवीपुरता नाही, सुटलेली ओल तोच धरून ठेवतो. ओलं खोबरं मात्र नकोच.

पारीला दोन वाट्या बेसन, एक वाटी कणीक, तीन मोठे चमचे कडकडीत मोहन. बेसनात ग्लुटेन नसतं, त्यामुळे कणकेशिवाय पारी वळताना चिरते. मोहन कमी पडलं तर ती कडक होते, जास्त झालं तर तेलात सुटते. लाटलेल्या पारीला आतून तेलात कालवलेला गोडा मसाला चोपडावा. तेलाचा हा थर ओल अडवतो, निदान उशीर तरी करतो. सारण दाबून भरावं आणि कडा पाण्याचं बोट लावून घट्ट मिटाव्यात, नाहीतर आतली वाफ नेमकी तिथूनच फुटते.

आदल्या दिवशी साधारण १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं, रंग येण्याआधीच काढावी. जाळीवर पूर्ण गार करून डब्यात, डबा फ्रीजमध्ये. गरम वडी झाकली तर झाकणाचं पाणी तिच्यावरच टपकतं. वाढण्याआधी १८० अंशांवर, थोड्या-थोड्या वड्या टाकून, दोन-तीन मिनिटं तळावी. मायक्रोवेव्ह नको: त्यात आतलं पाणी तापून वाफ पारीत शिरते.

थंडी असली तरी वड्या रात्रभर ओट्यावर ठेवू नयेत, दोन तासांत फ्रीजमध्ये जायला हव्यात. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तासाभरातच.