‘प्रार्थना केली की दारूवर औषध लागत नाही’: एका गैरसमजाचा खुलासा

बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) अजून सांगतात: विश्वास खरा असेल तर दारू एका रात्रीत सुटते, डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास. हे शास्त्रवचनाला धरून नाही, आणि जिवावर बेतू शकतं.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की सहसा 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. अशा वेळी ‘सैतान लागला’ म्हणून खोलीत कोंडू नका, थेट रुग्णालयात न्या. तिथे मेंदू शांत करणारं औषध उतरत्या मात्रेत देतात, शिवाय थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. घरी नुसतं ग्लुकोज पाजत बसू नका.

शास्त्रवचनातही उपचार आहेतच: येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने (लूक 10:34-35) वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेलं, शुश्रूषेसाठी दोन दिनार मोजले. हा दाखला ज्याच्या शुभवर्तमानात आहे, तो लूक स्वतः वैद्यच होता (कलस्सै 4:14).

आणि शरीर सावरल्यावरही तलफ येते. तलफ येणं हे पाप नव्हे. येशूचीही परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला (इब्री 4:15). प्रार्थनेचं खरं काम इथे, रोजच्या संध्याकाळी, सोबतीला कोणी बसलेलं असताना.