केंब्रिजच्या बागेतले तुर्की आयरिस

सर मायकेल फॉस्टर हे केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी' त्यांनीच १८७८ मध्ये सुरू केलं. पण सवड मिळाली की हे प्राध्यापक ग्रेट शेलफर्डच्या आपल्या बागेत आयरिस या फुलझाडांपैकी एकाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर लावत बसलेले असत.

दाढीवाल्या आयरिसच्या तीन पाकळ्या वर उभ्या असतात आणि तीन खाली झुकलेल्या. झुकलेल्या पाकळीवर केसांचा जो पट्टा दिसतो, ती त्याची दाढी. जमिनीत आल्यासारखं आडवं खोड वाढतं. पॅरिसचे माळी लेमों यांनी १८४० मध्येच अशा शंभर जातींची यादी छापली होती. रंगांची चंगळ होती, पण फुलं लहानच. या जाती मुख्यतः दक्षिण आणि मध्य युरोपातल्या दोन रानटी आयरिसांच्या वंशातल्या होत्या.

फॉस्टर यांनी मिशनरी आणि प्रवासी ओळखीच्यांना पत्रं लिहून आशिया मायनरमधून कंद मागवले. तुर्कस्तानातल्या अमास्या गावाहून आलेला 'अमास' मोठ्या फुलांचा, दणकट निघाला. त्याचा आणि त्याच्या भाऊबंदांचा युरोपीय आयरिसांशी संकर करायला ते लागले. बी मात्र फार क्वचित धरे.

त्याचं कारण पुढे गुणसूत्रं मोजल्यावर कळलं. जुन्या युरोपीय आयरिसांत २४ गुणसूत्रं, तुर्की पाहुण्यांत ४८. संकरात दोघांकडून निम्मी निम्मी, म्हणजे १२ आणि २४ येतात आणि बहुधा ३६ गुणसूत्रांचं रोप तयार होतं. तिथे बारा-बारा गुणसूत्रांचे तीन संच असल्याने जोड्या नीट जुळत नाहीत आणि रोप जवळजवळ वांझ राहतं. मात्र एखाद्या वेळी युरोपीय झाडाच्या बीजपेशीत गुणसूत्रं निम्मी होतच नाहीत. २४ च्या २४ पुढे जातात. तुर्की झाडाकडून आलेली २४ त्यांना मिळाली की थेट ४८ गुणसूत्रांचं सुफल रोप तयार होतं. आजचे उंच, भरदार आयरिस जवळपास सगळे ४८ वालेच आहेत. गुणसूत्रांचा हिशेब मांडण्याची सोय नसताना फॉस्टर यांनी केवळ नजरेने नेमकी झाडं हेरली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१९०७ मध्ये ते वारले. 'कॅटरिना', 'काश्मीर व्हाइट' ही त्यांची रोपं त्यानंतर बाजारात आली. काश्मीरमध्ये कबरींवर लावतात तो पांढरा आयरिसही त्यांच्या प्रयोगांत होता.

फॉस्टर यांची टिपणं पुढे विल्यम रिकॅटसन डाइक्स या शाळामास्तरांच्या हाती आली. 'द जीनस आयरिस' हा डाइक्स यांचा मोठा ग्रंथ १९१३ मध्ये निघाला. वाळवून कागदावर चिकटवलेल्या आयरिसचा रंग आणि आकार दोन्ही जातात, म्हणून ते स्वतः बियांपासून रोपं वाढवून जिवंत फुलावरून वर्णन लिहीत. चार्टरहाउस शाळेतले त्यांचे सहकारी एफ. एच. राउंड यांनी ग्रंथासाठी ४७ रंगीत चित्रं काढली. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी एखाद्या रानटी आयरिसची ओळख पटवायला ती चित्रं आजही उघडून पाहता येतात.